एज्ड केअर ऑडिटची तयारी: एका खोलीपासून सुरुवात करा

ऑस्ट्रेलियात नर्सिंग किंवा केअरचं काम करणाऱ्या बऱ्याच मराठी मंडळींच्या वाट्याला कधी ना कधी हे येतंच. काही वर्षं फ्लोअरवर काढली की मॅनेजर बोलावून सांगते, ‘पुढच्या महिन्यापासून क्वालिटीचं तू बघ.’ पगारात थोडी वाढ होते, एक लॅपटॉप मिळतो. ड्राइव्हवर ‘ऑडिट’ नावाचं एक फोल्डर असतं आणि आधीच्या माणसांनी आपापल्या परीने त्यात काहीबाही भरून ठेवलेलं असतं. हा लेख अशा नव्या माणसासाठी आहे आणि तो निवासी सेवेपुरता, म्हणजे जिथे वृद्ध मंडळी राहतात त्या होमपुरता आहे. घरी जाऊन द्यायच्या सेवेचं गणित थोडं वेगळं असतं.

ते फोल्डर आज उघडू नका. त्याआधी दोन-तीन गोष्टी नीट समजून घ्या.

कोण तपासतं, कशावर तपासतं

तपासणी करते एज्ड केअर क्वालिटी अँड सेफ्टी कमिशन ही सरकारी नियामक संस्था. १ जानेवारी २०१९ पासून ती काम करते आहे. त्याआधी ॲडलेडच्या ओकडेन या होममधला रहिवाशांच्या छळाचा आणि हेळसांडीचा प्रकार २०१७ मध्ये उघडकीला आला होता आणि देशभर खळबळ माजली होती. मग रॉयल कमिशन, म्हणजे सरकारी चौकशी आयोग, बसलं. मार्च २०२१ मध्ये त्याचा अंतिम अहवाल आला आणि त्यातून पुढे १९९७ चा जुना कायदा जाऊन ‘एज्ड केअर ॲक्ट २०२४’ आला. तो १ नोव्हेंबर २०२५ पासून लागू आहे. जुन्या कायद्याची मांडणी मुख्यतः प्रोव्हायडर (सेवा देणारी संस्था) आणि त्याला मिळणारं अनुदान यांच्याभोवती होती. नवा कायदा वृद्ध व्यक्तीच्या हक्कांपासून सुरू होतो. हक्कांची सनद कायद्यातच लिहिलेली आहे. ऑडिटर कुठून प्रश्न विचारायला सुरुवात करणार, हे यावरूनच ठरतं, म्हणून एवढा इतिहास सांगितला.

तपासणी ज्या ठरलेल्या निकषांवर होते, त्यांना स्टँडर्ड म्हणतात. आधी आठ स्टँडर्ड होती, आता सात आहेत: व्यक्ती, संस्था, काळजी आणि सेवा, परिसर, क्लिनिकल केअर, अन्न आणि पोषण, निवासी समुदाय. निवासी होमला सातही लागू होतात. एक सोपी चाचणी सांगतो. तुमच्या पॉलिसींमध्ये, ट्रेनिंगच्या स्लाइडमध्ये आणि इम्प्रूव्हमेंट प्लॅनमध्ये ‘स्टँडर्ड ८’ शोधा. जुन्या पद्धतीत ते गव्हर्नन्सचं होतं, आता तो विषय स्टँडर्ड २ मध्ये येतो. जिथे जिथे ८ सापडेल, तो कागद बदल झाल्यापासून कोणी उघडलेला नाही असं समजा. यादी करून ठेवा, दुरुस्ती नंतर.

प्रोव्हायडरची नोंदणी साधारण तीन वर्षांची असते आणि नूतनीकरणाच्या वेळी मोठं ऑडिट होतं. पण कमिशनची माणसं मध्येच, न सांगताही दारात येऊ शकतात. त्यामुळे ‘ऑडिटला अजून वर्ष आहे’ या वाक्याला फारसा अर्थ नाही.

पहिली पायरी: एक माणूस निवडा

बहुतेक नवखे चेकलिस्टपासून सुरुवात करतात. सात स्टँडर्ड, प्रत्येकाखाली रकाने, प्रत्येक रकान्यात हिरवी टिक. चार आठवडे यात जातात आणि कळत काहीच नाही. कारण ऑडिटर तसं तपासत नाही. तो एखादी खोली निवडतो, तिथल्या माणसाशी बोलतो, मग त्या माणसाचा केअर प्लॅन उघडतो, मग स्वयंपाकघरात जातो, मग रात्रपाळीच्या नर्सला विचारतो. चौघांनी चार वेगवेगळ्या गोष्टी सांगितल्या की त्याचं काम झालं. तुम्हीही हेच आधी करा.

समजा, १४ नंबरच्या खोलीत एक आजी आहेत. मूळच्या इटलीच्या, स्ट्रोक होऊन गेलेला, गिळायला थोडा त्रास. त्यांचा वजनाचा तक्ता काढा. मार्चमध्ये ५८.४ किलो, जूनमध्ये ५५.१. म्हणजे तीन महिन्यांत साडेपाच टक्क्यांहून जास्त घट. राष्ट्रीय क्वालिटी इंडिकेटरमध्ये (होमने सरकारला नियमित कळवायचे दर्जाचे आकडे) तीन महिन्यांत ५ टक्के किंवा त्याहून जास्त अनियोजित घट ही ‘लक्षणीय’ धरतात आणि ती कळवावी लागते. कळवली आहे का? बहुधा असेल, कारण आकडे भरणारा माणूस आकडे भरतोच. आता पुढचा प्रश्न: ५८ चे ५५ होत होते तेव्हा कोणी काय केलं? डायटिशियनला रेफरल गेलं का, कोणत्या तारखेला, तिने काय लिहिलं, आणि तिने लिहिलेलं केअर प्लॅनमध्ये चढलं का?

चढलं असेल तर स्वयंपाकघरात जा. जेवणाचा पोत आयडीडीएसआय या आंतरराष्ट्रीय पद्धतीने ठरतो, पातळी ० ते ७. आजींच्या प्लॅनमध्ये स्पीच पॅथॉलॉजिस्टने (बोलण्याबरोबर गिळण्याचा त्रासही हेच तपासतात) पातळी ५ लिहिली आहे: बारीक केलेलं, ओलसर. मोठ्या माणसासाठी यातला कण ४ मिलिमीटरपेक्षा मोठा नको. मोजपट्टी लागत नाही, साध्या काट्याच्या दोन दातांमधलं अंतर साधारण तेवढंच असतं. काटा हलका दाबला तर घास सहज मोडायला हवा आणि दातांमधून पातळ पाणी गळायला नको. आता फळ्यावर बघा, ट्रेवरच्या कार्डावर बघा. कार्डावर पातळी ६ असेल, तर तुकडे दीड सेंटिमीटरपर्यंत चालतात, आणि हा फरक आजींच्या घशात अडकू शकतो. फळ्यावर ५, कार्डावर ६ आणि प्रत्यक्ष ट्रेमध्ये टोस्ट, असं मिळालं तर त्या दिवशी बाकी सगळं बाजूला ठेवा. हे ऑडिटचं प्रकरण राहत नाही. आधी ट्रे परत पाठवायचा, मग नर्सला सांगायचं, मग घटनेची नोंद करायची.

सगळं बरोबर निघालं तरी एक प्रश्न उरतो, आणि तो सगळ्यात सोपा म्हणून सगळे विसरतात. आजींना विचारा, जेवण आवडतं का? कदाचित त्या सांगतील की संध्याकाळचं जेवण पाच वाजता येतं, त्यांना आयुष्यभर आठला जेवायची सवय, पाचला भूकच नसते. पोषणाच्या स्टँडर्डमध्ये चव, निवड, वेळ, जेवणाचं वातावरण हे सगळं येतं. तीन किलोचं कारण डायटिशियनच्या कागदावर नसून घड्याळात असू शकतं.

असा धागा किमान आठ-दहा जणांचा काढा. निवड मुद्दाम अवघड करा: नुकतेच दाखल झालेले एक, डिमेन्शिया असलेले एक, प्रेशर इंज्युरी (पडून-बसून राहिल्याने होणारी जखम) झालेले एक, नऊ किंवा जास्त औषधं चालू असलेले एक, शेवटच्या दिवसांतले एक, इंग्रजी न बोलणारे एक, आणि ज्यांचे नातेवाईक सतत तक्रार करतात असे एक. शेवटचे टाळावेसे वाटतात. त्यांनाच आधी घ्या, ऑडिटरही त्यांच्याकडेच जाणार आहे.

भाषेवरून एक गोष्ट, कारण आपल्याकडच्या मंडळींवर ही वेळ हमखास येते. होममध्ये गुजराती किंवा हिंदी बोलणाऱ्या आजी असल्या की डॉक्टर आला रे आला, मराठी पीसीएला (पर्सनल केअर असिस्टंटला) हाक मारली जाते: ‘जरा सांग ना त्यांना.’ चहा हवा का, अंघोळ आता की नंतर, इथपर्यंत ठीक. पण औषधाची संमती, ऑपरेशन, पुढच्या काळजीचे निर्णय यांत तुम्ही दुभाषी व्हायचं नाही. टीआयएस नॅशनल या सरकारी दुभाषी सेवेचा व्यावसायिक दुभाषी फोनवर मिळतो. तो घ्या आणि घेतल्याची नोंद प्रोग्रेस नोटमध्ये करा.

दुसरी पायरी: जिथे बहुतेक होम अडकतात

माझ्या मते दोनच जागा आहेत: बंधनं आणि घटना.

बंधनं म्हणजे रिस्ट्रिक्टिव्ह प्रॅक्टिस: रहिवाशाच्या हालचालीवर किंवा हक्कांवर मर्यादा आणणारी कोणतीही गोष्ट. पाच प्रकार आहेत: औषधाचं, परिसराचं, यांत्रिक, शारीरिक आणि एकांतवासाचं. २०२१ पासून याचे नियम कडक झालेत. हातपाय बांधणं कोणी करत नाही, त्यामुळे ‘आमच्याकडे नाहीच’ असं सगळे छातीठोकपणे सांगतात. मग होममधून एक फेरी मारा. बाहेरच्या दाराला कीपॅड आहे. कोड शेजारीच चिकटवलेला आहे, म्हणून आपण निर्धास्त. पण ज्या आजोबांना तो वाचून दाबता येत नाही आणि ज्यांना बाहेर जायचं आहे, त्यांच्यासाठी ते दार बंदच आहे, आणि ते परिसराचं बंधन आहे. पलंगाचे कठडे. मागे कललेली खोल खुर्ची, जिच्यातून त्यांना स्वतःहून उठता येत नाही. आणि संध्याकाळी अस्वस्थ होतात म्हणून ‘गरजेनुसार’ लिहून दिलेली अँटिसायकॉटिक गोळी.

यातलं प्रत्येक चुकीचंच असतं असं नाही. पण प्रत्येकामागे हे असायला हवं: आधी दुसरे कोणते उपाय करून पाहिले, माहिती देऊन घेतलेली संमती कोणाची, ती देण्याचा कायदेशीर अधिकार त्यांना आहे का, बिहेव्हियर सपोर्ट प्लॅन, आणि पुनरावलोकनाची तारीख. सायकोट्रॉपिक (मनावर आणि वागण्यावर परिणाम करणाऱ्या) औषधांचं रजिस्टर घेऊन बसा आणि फार्मसीच्या चार्टशी एकेक नाव ताडून बघा. मुलीने फोनवर ‘हो, द्या’ म्हटलं आणि तेवढ्यावर दोन वर्षं गोळी चालू आहे, अशी एक तरी नोंद निघतेच.

आता घटना. सिरियस इन्सिडेंट रिस्पॉन्स स्कीम, सगळे तिला ‘सर्स’च म्हणतात. आठ प्रकारच्या घटना कमिशनला कळवायच्या असतात: बळाचा अवाजवी वापर, लैंगिक गैरवर्तन, मानसिक छळ, अनपेक्षित मृत्यू, कर्मचाऱ्याकडून चोरी किंवा पैशांसाठी दबाव, दुर्लक्ष, बंधनांचा अयोग्य वापर, आणि व्यक्ती होममधून बेपत्ता होणं. प्राधान्य १ ची (जास्त गंभीर) घटना कळल्यापासून २४ तासांत, प्राधान्य २ ची ३० दिवसांत. यातला ‘कळल्यापासून’ हा शब्द महत्त्वाचा. शनिवारी रात्री पीसीएला कळलं, सोमवारी सकाळी मॅनेजरने वाचलं, तर घड्याळ शनिवारी रात्रीच सुरू झालेलं असतं.

तपासायची पद्धत अशी: मागच्या तीन महिन्यांच्या प्रोग्रेस नोट्समध्ये ‘ब्रूझ’, ‘स्किन टेअर’, ‘हिट’, ‘मिसिंग’ हे शब्द शोधा. जे सापडेल ते इन्सिडेंट रजिस्टरमध्ये आहे का बघा. नोट्समध्ये आहे आणि रजिस्टरमध्ये नाही, अशा घटनांची यादी हा तुमच्या तयारीतला सर्वात मोलाचा कागद. दोन रहिवाशांमधली ढकलाढकली ‘डिमेन्शिया आहे, चालायचंच’ म्हणून सोडून दिलेली बहुधा इथेच सापडते.

तिसरी पायरी: कागद

कागद लागतातच. यादी मी देत नाही, ती प्रत्येक होममध्ये असते. कुठे फसतं तेवढं सांगतो.

नर्सची अहप्रा (आरोग्य व्यावसायिकांची नोंदणी सांभाळणारी राष्ट्रीय संस्था) नोंदणी दर वर्षी ३१ मेपर्यंत नूतनीकरणाला येते. जूनच्या पहिल्या आठवड्यात सगळ्यांची नावं ऑनलाइन रजिस्टरवर स्वतः बघा, कोणी दिलेल्या प्रिंटआउटवर विसंबू नका. पोलीस चेक किंवा वर्कर स्क्रीनिंगच्या मुदती आणि कमिशनच्या बॅनिंग ऑर्डरच्या (कामाला बंदी घातलेल्या लोकांच्या) यादीतली पडताळणी, हे एजन्सीच्या माणसांचंही तपासावं लागतं. ‘ते एजन्सी बघते’ हे उत्तर चालत नाही.

रोस्टर. १ जुलै २०२३ पासून निवासी होममध्ये चोवीस तास, सातही दिवस एक रजिस्टर्ड नर्स जागेवर असावी लागते. केअर मिनिट्सची (प्रत्येक रहिवाशाला द्यायच्या काळजीच्या वेळेची) देशभराची सरासरी १ ऑक्टोबर २०२४ पासून दर रहिवाशामागे दिवसाला २१५ मिनिटं आहे, त्यातली ४४ रजिस्टर्ड नर्सची. तुमच्या होमचा आकडा तिथल्या रहिवाशांच्या वर्गीकरणानुसार वेगळा असेल, तो शोधून ठेवा. आणि नियोजित रोस्टरबरोबर प्रत्यक्ष कोण आलं ते दाखवणारी पगाराची नोंदही काढा. आजारपणाचा फोन आला आणि जागा भरलीच नाही, हे रोस्टरवर दिसत नाही.

तक्रारींचं रजिस्टर. शंभर खाटांचं होम आणि सहा महिन्यांत तक्रार शून्य, हे पाहून खूश होऊ नका. लोक बोलायला घाबरतात किंवा बोललेलं कोणी लिहून घेत नाही, एवढाच त्याचा अर्थ ऑडिटर काढेल. तक्रार आली, काय बदललं, ज्याने केली त्याला कळवलं का, चूक आपली होती तर उघडपणे मान्य केली का, आणि पुन्हा तेच झालं का: अशा पाच तक्रारी शेवटपर्यंत नेलेल्या दाखवता आल्या तर पन्नास पॉलिसींपेक्षा जास्त उपयोग होतो.

आणि हे ठळक लिहून भिंतीवर लावा: मागची तारीख घालून काहीही लिहायचं नाही. नोंद राहून गेली असेल तर आजची तारीख, आजची वेळ, ‘उशिरा केलेली नोंद’ असं म्हणून लिहायचं. सॉफ्टवेअर प्रत्येक बदलाची खरी वेळ साठवतं आणि ऑडिटरला ती बघता येते. राहिलेली नोंद ही उणीव ठरते. बनवलेली नोंद उघडी पडली की बाकीच्या सगळ्या नोंदींवरचा विश्वास जातो.

चौथी पायरी: माणसं

आपल्यातल्या अनेकांच्या डोक्यात तपासणी म्हटलं की शाळेत दीपोटी (शाळा तपासणारे साहेब) यायचे तो दिवस असतो: भिंती रंगवलेल्या, मुलांना उत्तरं पाठ, पहिल्या बाकावर हुशार मुलं. स्टाफकडून तसं करून घ्यायचा मोह आवरा. पाठ केलेलं उत्तर दोन मिनिटांत कळतं. त्यातही आपल्याकडून नुकत्याच आलेल्या मुलामुलींना वरिष्ठांसमोर ‘सगळं छान आहे’ म्हणायची सवय असते. त्यांना सांगा की ऑडिटर तुमच्या साहेबांचा साहेब नाही. तुम्ही रोज काय करता तेवढं सांगायचं.

सरावासाठी शिफ्ट सुरू होताना पाच मिनिटांत एकच प्रश्न घ्या. ‘११ नंबरच्या आजोबांना उचलताना किती जण लागतात, आणि तुला कुठून कळलं?’ ‘त्यांच्या अंगावर नवीन जखम दिसली तर कोणाला सांगशील, ते फोन उचलत नसतील तर?’ ‘आजोबा मधुमेही आहेत आणि त्यांना केक हवाच आहे, तू काय करशील?’ शेवटच्या प्रश्नावर मजा येते. अर्धे जण म्हणतात, केक द्यायचा नाही. पण स्वतःच्या आयुष्यात धोका पत्करायचा हक्क त्यांना आहे. धोका समजावायचा, चर्चा लिहून ठेवायची आणि केक द्यायचा. आपल्या घरात आजोबांच्या हातातला पेढा काढून घेतो, त्यामुळे हे आपल्याला पटायला वेळ लागतो. ‘मला माहीत नाही, पण मी इथे बघते किंवा आरएनला (रजिस्टर्ड नर्सला) विचारते’ हे उत्तर पूर्णपणे चालतं, हेही त्यांना सांगा. त्याने निम्मी भीती जाते.

रात्रपाळी आणि एजन्सी स्टाफला विसरू नका. सराव दिवसा होतो, आणि घटना बऱ्याचदा रात्री.

बोर्डाशीही बोलावं लागेल, आणि नव्या माणसाला तेच सर्वात जड जातं. संचालकांना क्लिनिकल माहिती फक्त पाठवली जाते का, की त्यावर प्रश्नही विचारले जातात, हे बैठकीच्या मिनिट्समधून दिसतं. पडण्याचं प्रमाण सलग तीन तिमाही वाढलंय आणि मिनिट्समध्ये दर वेळी ‘अहवालाची नोंद घेतली’ एवढंच, हे तुम्ही दुरुस्त करू शकत नाही. मॅनेजरच्या कानावर लेखी घाला, इमेलने.

ऑडिटचे दिवस

एक शांत खोली, चालणारं वायफाय, सॉफ्टवेअरची लॉगिन आधी तपासलेली, आणि कागद मागितला की आणून देणारा एकच माणूस. मागितलेल्या प्रत्येक गोष्टीची वेळेसह यादी ठेवा. ऑडिटर रहिवाशांशी बोलत असताना दाराबाहेर घुटमळू नका. ते दिसतं आणि वाईट दिसतं. त्या दिवसांसाठी जास्तीची माणसं बोलावून कॉरिडॉर भरू नका. रहिवासीच सांगतात, ‘आज फार गर्दी आहे हो!’

रोज संध्याकाळी ऑडिटरकडून दिवसाचे मुद्दे विचारून घ्या. त्यांना न सापडलेला कागद तुमच्याकडे असेल तर त्याच दिवशी द्या. आणि खरी उणीव दाखवली तर वाद घालू नका. ती आपल्याला आधीच माहीत होती, इम्प्रूव्हमेंट प्लॅनमध्ये अमुक तारखेला चढवली, इतकं काम झालं, इतकं बाकी आहे, असं दाखवता आलं तर चित्र खूप बदलतं. पहिल्या पायरीतले धागे याच कामी येतात.

अहवाल हातात आल्यावर

निष्कर्ष कन्फॉर्मन्स, मायनर नॉन-कन्फॉर्मन्स, मेजर नॉन-कन्फॉर्मन्स अशा श्रेणींत येतात. स्टार रेटिंगमध्ये (सरकार प्रत्येक होमला देतं ते तारांकन) कम्प्लायन्सचा, म्हणजे नियम पाळण्याचा, वाटा ३० टक्के असतो (रहिवाशांचा अनुभव ३३, स्टाफिंग २२, क्वालिटी मेझर्स १५), आणि ती रेटिंग जाहीर असते. मुलगा-मुलगी होम निवडताना तीच बघतात, मेलबर्नमधून बघोत की पुण्यातून.

उत्तराला मुदत असते, ती पहिल्याच दिवशी कॅलेंडरवर टाका. उत्तरात दोन भाग वेगळे ठेवा. वस्तुस्थिती चुकली असेल तिथे पुरावा जोडून तेवढंच सांगा. बाकी ठिकाणी काय करणार, कोण करणार, कधीपर्यंत, आणि झालं हे कशावरून कळेल. ‘सर्व स्टाफला पुन्हा ट्रेनिंग देण्यात येईल’ हे प्रत्येक मुद्द्याखाली लिहायची पद्धत आहे, ती मोडा. ट्रे चुकत होता कारण कार्ड छापणाऱ्याला बदल कळतच नव्हता, तर ट्रेनिंगने काही होणार नाही. बदल कळवायचा रस्ता बांधावा लागेल. जोडलेल्या फाईलींना अहवालातल्या परिच्छेदाचे क्रमांक द्या, म्हणजे वाचणाऱ्याला शोधाशोध करावी लागत नाही, आणि पाठवण्याआधी त्या सगळ्या दुसऱ्या कोणाच्या तरी कॉम्प्युटरवर उघडून बघा.